चार नावांची सव्वा मूठ

आटपाट शिंदखेडा. तिथं एक धुरपदाबाई, तिचा लेक गिरधर, गिरधरची पोरं जितेंद्र आणि मोनाली. आणि जितेंद्रची मी, गिटार बोलतेय. जरा हळू बोलते, थकलेय.

कुठल्या कारखान्यात जन्मले, ठाऊक नाही. पुण्यात शिकताना जितेंद्रनं मला कुणाकडून तरी जुनीच घेतली. चौघांचा बँड होता. तिघं नोकरीला लागले, बँड मोडला, आम्ही दोघं घरी आलो.

गिरधर मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळतो. गावात लोक विचारायचे, "गिरधरभाऊ, पोरगा वरातीत वाजवतो का?" एकदा वैतागून तो म्हणाला, "मनं नाव लाईसन हाई वाजाडू नको." आपल्याकडे पोराच्या नावात बाप असतोच. बापाचं लावायचं नाही, म्हणून पोरानं अख्खं नावच टाकलं.

मग जळगावात खोली. दिवसा शिकवण्या, उरल्या वेळात एकट्याची गाणी. उदास गाणी 'कोरडी विहीर' या नावानं, धावती 'बुधवार' या नावानं, गोंगाटाची 'पत्रा' या नावानं. मोबाईलवर लांबलांबची माणसं ऐकायची, हा कोण म्हणून विचारायची. नाव बदललं की माझ्या खुंट्या पिळायच्या, तारा कधी ढिल्या, कधी ताठ. त्याला नावं तीन, मान माझी एकच. अकरा वर्षं झाली. तिसरी तार कुरकुरायला लागली, तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

गेल्या श्रावणात तोही थकला. मला विकायला काढलं. गिऱ्हाईक मंगळवारी जळगावला येणार होतं. त्याआधी कानबाईच्या सणाला दोन दिवस घरी आलो.

कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. धुरपदाबाई सूप घेऊन बसली. तिनं गिरधरचं नाव घेतलं, जितेंद्रचं घेतलं. तेवढ्यात मोनाली म्हणाली, "मोठीमाय, दादाला मोबाईलमधे अजून तीन नावं आहेत. मी तारेच्या कुरकुरीवरून ओळखलं."

म्हातारी थांबली. "आनि माले एकच माहीत. सांग बठ्ठा, एक बी सोडू नको."

तिनं विहिरीची सव्वा मूठ काढली, बुधवारची काढली, पत्र्याचीही काढली.

गिरधर म्हणाला, "माय, हाई काय करी ऱ्हायनी? मानूस एक शे."

"तू तुनं नाव काढी लिधं. मंग बाकीना काय उपाशी ठेवू?"



सोमवारी कानबाई बोळवली. जितेंद्रनं मला पाठीवर घेतलं. म्हातारी दारात उभी.

"कोठे चालना? तुना चार जणस्ना रोट बाकी शेतस. खाई ले, मंग जाय."

रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. मंगळवारी गिऱ्हाइकाचा फोन आला. जितेंद्र म्हणाला, "घरीच आहे अजून. विहीर जेवली, बुधवार आणि पत्रा राहिलेत." त्यानं फोन ठेवून दिला.

ओट्यावर बसून तो खायचा, मला वाजवायचा. गुरुवारी गिरधर शेजारी येऊन बसला. बराच वेळ ऐकून म्हणाला, "हाई तार कुरकुर करस. कान नहीत का तुले?" मोटारीत घालतात तो कागद त्यानं आणला, बारीक पट्टी कापली आणि माझ्या मानेवरच्या झिजलेल्या खाचेत बसवली. इतक्या वर्षांची कुरकुर घटकेत गेली.

जितेंद्र म्हणाला, "आबा, आता मोनाली मला ओळखणार कशावरून?"

"नाव लाव ना मंग."

"कोणतं?"

गिरधर दारात दुरुस्तीला आलेल्या पंपाकडे बघत म्हणाला, "शे तेच. मनं मधमा ऱ्हाऊ दे."

त्या ओट्यावरचं गाणं जितेंद्र गिरधर या नावानं गेलं. मी विकली गेले नाही. बाबांनो, तुमच्या घरी कोपऱ्यात एखादं वाद्य कुरकुरत असेल, तर विकण्याआधी घरच्या कुणाला तरी दाखवा.

माझ्या तारा अजून गंजतात, मान अजून दुखते. पण या श्रावणात धुरपदाबाईनं जितेंद्रच्या नावाची एकच सव्वा मूठ काढली. गिरधर शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "माय, मूठ जरा मोठी भर."