सगळं ठीक ना, आर्वो?

थंडर बे या बंदराच्या गावातल्या इस्पितळात हृदयाच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. रुग्णांना प्रश्न विचारून नोंदी करायचं काम नर्स मॉरीन देरोझिएकडे होतं, आणि तिचा सगळ्यांत लाडका रुग्ण होता आर्वो कोस्केला. बंदरावरच्या धान्यकोठारांत हयात घालवलेला फिनिश म्हातारा. येताना न चुकता तिच्यासाठी 'पर्शियन' नावाचे, गुलाबी साखरेचा थर दिलेले तिथले गोड पाव आणायचा.

"चक्कर नाही, कुठे पडला नाहीत, सगळं ठीक ना, आर्वो?" संगणकावरची नजर न काढताच ती विचारायची.

"ठणठणीत, पोरी!"

"सगळे तुमच्यासारखे असते तर काय हवं होतं!"

म्हातारा लाजून हसायचा.

मार्चमध्ये तो घरच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायऱ्यांवरून पडला. डोक्याला मार लागला, तो शुद्धीवर आलाच नाही.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जमलेल्यांसाठी कॉफी होती. त्याची बायको एल्मा मॉरीनजवळ येऊन बसली.

"नाताळापासून पडत होता गं. भिंती धरून चालायचा."

"मग मला का नाही सांगितलं? मी त्याच दिवशी गोळी बंद करायला लावली असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं. म्हणायचा, पोरीची चाचणी बिघडेल. मलाही दटावलं, तोंड उघडशील तर बघ."

मॉरीनने कप खाली ठेवला. आपण त्याला विचारत कुठे होतो? उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने चाचणी चालवणाऱ्या डॉक्टर हॅलोरनना सगळं सांगितलं.

"म्हातारी माणसं पडतातच, मॉरीन," ते म्हणाले.

"पडू देत. पण मी 'पडला नाही' असं लिहिलंय, आणि ते खोटं आहे."

नोंद दुरुस्त झाली. मग तिने एकेका रुग्णाला घरच्या माणसासकट बोलावलं, संगणक बंद केला आणि विचारलं, "शेवटचे कधी पडलात?" आणि गप्प बसून राहिली. नवरे खाली बघू लागले, बायका बोलू लागल्या.

त्या नोंदींवरून उन्हाळ्यात, चाचणी चालू असलेल्या सगळ्याच इस्पितळांत गोळीचं प्रमाण निम्म्यावर आणलं गेलं. मॉरीनने एल्माला फोन केला.

"म्हणजे माझ्या माणसाचा उपयोग झाला म्हणायचा," एल्मा म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता.

"झाला ना, एल्मा. खूप झाला."

निम्म्या गोळीवर तो आज जिवंत असता, हे मॉरीनच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने फोन ठेवला आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.