शिवतेजच्या हळदीची जागा

उज्वलाताई जाधवांच्या पाळणाघरात चपलांच्या रॅकमधून साप निघाला. बिनविषारी होता, पण पालकांना त्याचा दाखला कोण देणार? शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत महिनाअखेरपर्यंत गेलं नाही, तर आम्ही मुलं काढतो, असं त्यांनी सांगून टाकलं. पोरं गेली की पाळणाघर बंद.

उज्वलाताई वॉर्ड ऑफिसात गेल्या.

"मालकाला नोटीस लावलीये," साहेब म्हणाले.

"कुठे?"

"प्लॉटवरच. गवतात असेल बघा."

कामोठ्याचा भाचा शिवतेज फोनवर म्हणाला, "मावशी, आमच्या समोरचा प्लॉट पण तुमच्या त्या प्लॉटवाल्या रूपेशचाच. एकदम चकाचक. आमच्याकडे पालिका स्वतः गवत कापते आणि मालकाला बिल लावते. तुमची नुसती नोटीस लावते."

उज्वलाताईंनी रूपेशला गाठलं. "तिकडे अंगण, इकडे जंगल. असं का हो?"

"मी कायद्यानं चालनारा मानूस, ताई. जिकडं जसा नियम तसा."

माणूस खरंच नियमाला धरून होता. तेव्हा त्याला आणखी एक नियम लावायचं उज्वलाताईंनी ठरवलं आणि थेट सारसोळे गावात त्याच्या आईकडे गेल्या. इथल्या आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला जागा दिली, की ती साफ करून द्यायची मालकानं. नाही दिली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"भाच्याची हळद करायचीय, यशोदाबाई. प्लॉट मिळेल?"

यशोदाबाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली, "रूपेश, आपले जागेवर हलद हाय. पावने काय गवतान नाचतील?"

या नियमात मुदतवाढ नव्हती. दुसऱ्याच दिवशी जेसीबी आला. पालक येऊन बघून गेले, पोरं राहिली.

मग यशोदाबाई पाहणीला आल्या. "नवरी कुठली गो?"

"अजून बघतोय."

यशोदाबाईंनी साफ जागेकडे पाहिलं, पाळणाघराच्या खिडकीला चिकटलेल्या पोरांकडे पाहिलं.

"लय पोचलेली हायस गो," त्या म्हणाल्या. "पन दिलेली जागा आमी माघारी घेत नाय. नवरी मिलून हलद लागंपर्यंत रूपेश साफ ठेवील."

आठवड्यानं शिवतेजचा फोन आला. "मावशी, मुलगी पसंत पडली. पुढच्या महिन्यात उरकून टाकू म्हणतात."

"लग्नासारख्या गोष्टीत घाई करू नये, बाळा," उज्वलाताई म्हणाल्या. "पावसाळा जाऊ दे."