खिशातला आरा

मित्रांनो, मी एक जुना आरा आहे, सायकलच्या चाकातला. चाकात माझ्यासारखे इतके असतात की एकट्या आऱ्याची चौकशी कुणी करत नाही, आणि मलाही स्वतःबद्दल सांगायला संकोचच वाटतो. तरी सांगतो, कारण मला पाहून एका माणसाची मान अजून खाली जाते.

ती सायकल ताईंची. ताई शाळेत भूमिती शिकवायच्या आणि घरी धाकट्या भावाबरोबर रिमोटवर उडणारी विमानं बनवायच्या. भावाचं शिवणकामाचं दुकान होतं. एकदा खड्ड्यात आपटून चाक वाकलं, त्याचा पार आठचा आकडा झाला. सायकल दुरुस्त करणारा आम्हा सगळ्यांना भंगारात टाकणार, तेवढ्यात ताईंनी मला आणि माझ्या शेजाऱ्याला उचललं. "यांना टोकाला आटे आहेत," त्या म्हणाल्या, "विमानाला आणखी काय हवं?"

पंखाच्या मागच्या कडेला एक हलणारी पट्टी असते, तिला एलेरॉन म्हणतात. ती वरखाली झाली की विमान कलतं. पंखातली छोटी मोटर आणि ही पट्टी यांना जोडणारी काडी म्हणजे मी. माझ्या एका टोकाच्या आट्यांवर छोटी चिमटी फिरवून ती पट्टीला अडकवायची, दुसरं टोक वाकवून मोटरीच्या दांड्याच्या भोकात घालायचं. ताईंनी वाकवलेला कोन असा नेटका यायचा की भाऊ विचारायचा, "याला वर्गात छडी दाखवली होतीस का?" विमानं पडली, मोडली. मी मात्र सरळ होऊन पुढच्या विमानात जायचो, आणि आल्यागेल्याला दाखवला जायचो. सांगायला लाज वाटते, पण मी चांगलाच फुशारलो होतो.

मग ताईंना झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्याच वर्षी भावाने त्यांचं जुनं स्वप्न हातात घेतलं, लढाऊ विमानाची मोठी प्रतिकृती. सांगाडा त्याने केला, रंग त्याने दिला. "एलेरॉनच्या काड्या माझ्या," ताई म्हणाल्या. पक्कड डाव्या हातात धरून, मला गुडघ्याखाली दाबून, त्यांनी मला पुन्हा वाकवलं. पण त्या हाताला सवय नव्हती आणि मीही वाकून वाकून थकलो होतो. कोन बसका आला.

आपल्या दुकानात भावाने मला पंखात बसवून पट्टी बोटाने हलवली. टक, टक. मी भोकात सैल होतो. संथ विमानात एवढं चाललं असतं. हे विमान वेगाचं. त्या वेगात सैल काडीची पट्टी थरथरायला लागते आणि पंखच फाडते. भावाने आम्हा दोघांना काढलं आणि टोकाला पितळी गोळीचा सांधा असलेल्या तयार काड्या आणून बसवल्या. निवड चोख होती. मला वाईट वाटलं ते त्याचं नाही. त्याने फोन उचलला आणि म्हणाला, "ताई, तुझे आरे बसवले. एकदम फिट."

मैदानावर ताई खुर्चीत होत्या. मी भावाच्या शर्टाच्या खिशात, माझ्या शेजाऱ्याबरोबर तोंड लपवून. उडवायच्या आधी ताई म्हणाल्या, "जरा मांडीवर दे." त्यांनी डाव्या बोटांनी पट्टी हलवली. आवाज नाही. पुन्हा हलवली. मग त्या पट्टीवर बोट तसंच ठेवून राहिल्या.

"माझे आरे असते तर खडखडले असते," त्या म्हणाल्या.

भावाचा हात आमच्या खिशावर आला. "तुला वाईट वाटलं असतं गं," तो पुटपुटला.

"वाटलं असतं. एक दिवस रुसून बसले असते. दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर विमानाच्या सामानाच्या दुकानात येऊन या काड्या निवडल्या असत्या." त्यांनी पट्टी सोडली. "हात गेला रे माझा. पारख शाबूत होती. तिला तरी विचारायचंस."

भावाने खालमानेने आम्हाला खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. विमान त्या दिवशी सुरेख उडालं. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही तिघं, मी, माझा शेजारी आणि तो, कानकोंडे होऊन गेलो.

आता मी ताईंच्या टेबलावर असतो, उघड्यावर. भाऊ येतो, मला बघतो आणि नजर दुसरीकडे वळवतो. परवा ताईंनी हट्टाने मला पुन्हा वाकवलं आणि नव्या पंखात अडकवून तो पंख त्याच्यासमोर सरकवला.

"बघ, खडखड आहे का?"

त्याने पट्टी हलवली. टक. तो माझ्याकडे बघत राहिला, मग ताईंकडे.

"आहे, ताई. हा नाही चालणार."

"मग काढ," त्या म्हणाल्या, "आणि तो पितळी गोळ्यांचा डबा इकडे घे. कुठली घ्यायची ते ठरवू."

मित्रांनो, जुन्या वस्तू काढाव्या लागतात, त्याचं आम्हाला दुःख नसतं. पण ज्यांच्या हातची ती वस्तू आहे, त्यांना सांगून काढा. मला खिशात लपवलं होतं तेव्हा मी नुसता निकामी झालो नव्हतो, ताईंशी बोललेल्या खोट्यात सामील झालो होतो. परवा त्यांच्या डोळ्यांदेखत निघालो, आणि टेबलावर पडताना मला पहिल्यांदा हलकं वाटलं.