तवंदी घाटातला ब्रेक

निपाणीत आण्णासाहेबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. बियाण्यांचं जुनं दुकान, जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, मान, आणि कधी रस्त्यात न थांबलेली गाडी. "लई इमानदार गाडी हाय," असं ते ज्याला त्याला सांगायचे. त्यांच्या शब्दावर कितीतरी जणांनी बेळगावच्या त्याच शोरूममधून तीच गाडी घेतली. धाकट्या बहिणीच्या, चंपाबाईच्या अरिहंतनं तर मामाबरोबर एकाच दिवशी घेतली. पेढेसुद्धा एकाच बॉक्समधले!

आणि तवंदी घाटात अरिहंतचा ब्रेक लागलाच नाही. गाडी दरडीवर आदळली, पोराचा पाय मोडला. कंपनीचा माणूस आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, उतारावर सारखा ब्रेकवर पाय ठेवला, चूक चालवणाऱ्याची. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! पण आण्णासाहेबांनी मान डोलावली ती त्याच्याच बोलण्यावर. दवाखान्यात सगळ्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "माझीबी तीच गाडी हाय की रं. तिला कसं कायबी होत न्हाय?" अरिहंत भिंतीकडं तोंड करून पडला.

पाहुण्यांत कुजबुज सुरूच राहिली. शेवटी आण्णासाहेब शोरूमला गेले. "माझ्या गाडीचा ब्रेक तपासून द्या. म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील."

मॅनेजर विक्रमनं हसत चहा मागवला. "तुम्ही काळजीच सोडा, आण्णा. तुमचा तो पार्ट आम्ही गेल्या सर्व्हिसिंगलाच बदललाय. फुकट."

"का?"

"त्या वेळच्या गाड्यांत तो कच्चा निघाला. वरनं निरोप आलता, गाजावाजा करू नका. तुम्ही एवढी गिऱ्हाइकं आणता, आपलं माणूस म्हणून करून टाकलं."

"आणि अरिहंतची? तीबी त्याच दिवशीची. माझ्या मागोमाग सर्व्हिसिंगला आलती."

विक्रमचं हसू मावळलं. "त्यांनी काही विचारलं नव्हतं."

"मी तरी कुठं विचारलं होतं रं?"

"हे लिहून दे," म्हटल्यावर तर विक्रम साफ उलटला, "मी कुठं काय म्हणालो?" आण्णासाहेबांनी चहा तसाच ठेवला. केसानं गळा कापला की मेल्यांनी! आणि ज्याचा कापला, त्यालाच आपण चारचौघांत बोल लावला.

ते तडक चिकोडीला बहिणीच्या घरी गेले. सगळं सांगितलं आणि गाडीची किल्ली अरिहंतच्या खाटेवर ठेवली. "ह्या गाडीत तो नवा पार्ट हाय. ग्राहक कोर्टात हीच उभी करू. मी साक्ष देतो."

चंपाबाई तोंडाला पदर लावून बसली. अरिहंतनं किल्लीला हात लावला नाही.

"मामा, कंपनी परकी. तिनं फसवलं, त्याचं एवढं न्हाय," तो म्हणाला. "पण मी सांगत होतो न्हवं, ब्रेक लागला न्हाय म्हणून? तुम्ही तिचं खरं मानलासा."