टेकवून ठेवलेली काठी

मित्रांनो, रंभाच्या घरात माझ्याइतके जुने आणि माझ्याइतके अस्वस्थ दुसरे काही नाही. मी एक बांबूची काठी आहे. वडखळजवळच्या मिठागरात मीठ ओढायच्या फळीला दांडा म्हणून मला बसवले, तिथून माझे आयुष्य सुरू झाले. उन्हाळाभर मीठ ओढायचे, ढीग लावायचे. दम खायला सवड नसे आणि तेच मला आवडे.

पावसाळ्यात मिठागर बंद पडले की मला भिंतीला टेकवून ठेवत. उभे राहून काठीला विश्रांती मिळते असे माणसांना वाटते. मला मात्र वाक येत गेला.

यंदा दिवाळीच्या सुटीत रोह्याला वुशूचे शिबिर भरले. वुशू म्हणजे चीनमधली जुनी युद्धकला. काठी घरून आणायची होती. रंभाच्या मुलीने, मनस्वीने, माझी फळी काढली आणि मला घेऊन ती एसटीत बसली. नागोठणे मागे पडेपर्यंत तिची टाच माझ्या बुडाशी सारखी हलत होती.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर काठी फिरवून दाखवायची होती. आई येणार म्हणून मनस्वीला त्यात उतरायचेच होते. पण प्रणितसरांची अट कडक होती. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहायचे, मांड्यांवर काठी आडवी ठेवायची. काठी पडली की बाद.

मनस्वीचे पाय मात्र थांबत नसत. मिठागरातल्या मुली लहानपणापासून ओल्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. मग बांधावरून हाक येते, “पानी सोडलंय!” त्यानंतर पाय हलला तर तळ बिघडला. हाक येईपर्यंत मात्र तुडवतच राहायचे. शिबिरातही तिचे पाय आपोआप तुडवू लागत.

“काय गो, इथं पन मीठ पिकवतंस?” शिबिरात तिच्या शेजारी उभी राहणारी निशिगंधा विचारी.

“व्हय. तुझ्या भाजीत टाकायला.”

शेवटचा दिवस उजाडला. कुंपणाशी रंभा येऊन उभी राहिली. सरांनी मला मनस्वीच्या मांड्यांवर ठेवले. तिचे पाय हलत होते, तरी मी पडले नाही. सरांनी मान डोलावली. माझ्या अंगात पुन्हा उन्हाळा आल्यासारखे झाले.

“सर, ती काठीच वाकडी हाय,” निशिगंधा म्हणाली. “झोळीसारखी बसलीय. पडंल कशी?”

मुले हसली. मनस्वी लाल झाली. क्षणभर तिने मला घट्ट धरले, मग जमिनीवर ठेवले.

“सरळ काठी द्या, सर.”

“पडली तर?”

“तर बाहेर बसंन.”

सरळ काठी मांड्यांवर आली. मी मातीत पडून पाहत होते. मनस्वीची टाच हलली, मग दुसरी. काठी घरंगळत गुडघ्याच्या टोकाशी आली.

“मनस्वे, पानी सोडलंय गो!” रंभा कुंपणावरून ओरडली.

पाय जागच्या जागी थांबले. काठीही थांबली. प्रणितसरांनी ती काठी उचलून तिच्यापुढे धरली.

“घे. फिरव,” ते म्हणाले.

“माझ्या आयशीलापन बोलवायला पायजे होतं,” निशिगंधा पुटपुटली.

मनस्वीने ती परकी काठी फिरवली. वाऱ्याचा आवाज झाला, टाळ्या पडल्या. माझ्यावर कुणाचा तरी पाय पडला. मित्रांनो, तिचा मला राग नाही. पण त्या टाळ्यांत मी असू शकले असते.

घरी आल्यावर मनस्वीने सवयीने मला भिंतीला टेकवले. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिने मला भिजवले आणि पडवीच्या खांबाला सरळ, घट्ट बांधले. दोरी रुतते. रोज थोडा वाक निघतो. शिबिर पुन्हा भरणार आहे आणि तोवर मला या खांबाशी चैन पडत नाही.

एवढेच सांगते: काम संपले म्हणून आम्हांला कोपऱ्यात टेकवू नका. नीट आडवे ठेवा. तुम्हांला आम्ही उभ्या दिसतो, पण तेव्हाच आम्ही वाकत असतो.