एक्स्पोर्टची फरसबी

प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये निर्यातीच्या फरसबीच्या त्रेचाळीस शेंगा होत्या. तिने एकेक शेंग पट्टीला लावून पाहिली. प्रत्येक दहा सेंटिमीटरची, दोन्ही टोकं सरळ कापलेली. विकत घेणाऱ्या देशाला फरसबी अशीच लागायची. मग तिने त्या वाटून त्यांचा अर्क यंत्रात घातला. दुपारी आकडा आला: कीटकनाशक तिकडच्या मर्यादेच्या सहापट. ते औषध तयार तिकडेच व्हायचं, पण तिकडे वापरायला बंदी होती. इथे त्याला मर्यादाच ठरलेली नव्हती.

‘निर्यातीस अपात्र’ या शेऱ्याखाली साहेबांनी सही केली. हा माल आता जाणार कुठे, असं तिने विचारलं. आपलं काम बंदरापुरतं, ते म्हणाले, आणि तिकडच्यांची पोटं नाजूक, आपली दगड पचवणारी. सगळे हसले. ती हसली नाही. चहाला जाताना तिला कोणी हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात घरमालकीणकाकूंनी तिला थांबवून जेवायला आत बोलावलं. वरच्या खोलीत राहायला येऊन तिला आठ महिने झाले होते. भाड्यापलीकडे दोघींचं बोलणं नव्हतं. आत दोन ताटं मांडलेली होती. आज परदेशातल्या मुलाचा फोन यायचा वार, पण तो काही आला नाही, हे काकूंनी ताट पुसता पुसता सांगितलं.

मग पातेल्यावरचं झाकण निघालं. नुसत्या मिठात उकडलेली अख्खी फरसबी.

“तिकडे म्हणे चिरत नाहीत,” काकू म्हणाल्या. “भाजीवाला म्हणाला, एक्स्पोर्टचा माल आहे. आणि वेड्यानं स्वस्तात देऊन टाकला. म्हटलं, पोरगा खातो ते आपणही खाऊन बघू.”

तिने एक शेंग उचलून बोटाशी धरली. टोकं सरळ कापलेली होती.

“आत्ता तोही हेच खात असेल, नाही का गं?”

काकू हातात डाव धरून थांबल्या होत्या.

“असेल,” ती म्हणाली. “काकू, उद्यापासून तुमची भाजी मी आणत जाईन. बाजार माझ्या वाटेवरच आहे.”

बाजार तिच्या वाटेवर नव्हता.

तिने डाव स्वतःकडे घेतला. दुपारचा डबा तसाच राहिला, मरणाची भूक लागलीय, असं म्हणत ती वाढून घेत राहिली. एवढीशी पोर आणि खाते केवढं, म्हणत काकू हसल्या, आणि कितीतरी वेळ मुलाच्या लहानपणीचं सांगत बसल्या.

पातेलं रिकामं झालं तेव्हा तिने सव्वीस शेंगा खाल्ल्या होत्या. काकूंच्या वाट्याला तीन आल्या.