वाळीतल्या घरची म्हैस

आमच्या गावाला राग लवकर येतो आणि भूक त्याहून लवकर लागते. या दोन्हींच्या मध्ये माझ्या अंजनीचं लग्न अडकलं होतं, म्हणून सांगते.

साल पंचम जॉर्ज बादशहा वारला ते. निपाणीपासून दोन कोसांवर, वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. माझे मालक सुबराव हे गुळव्या. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला, की तो नेमका कधी उतरवायचा हे सांगायचं त्यांचं काम. जरा आधी उतरवला तर गूळ बसत नाही आणि जरा उशीर झाला तर करपतो. मालक काहिलीपाशी उभे राहून फेसाकडे बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उतरा." घरात तेवढंही बोलायचे नाहीत.

त्या वर्षी पहिल्याच आधणाला, म्हणजे रसाची पहिली काहील चढली तेव्हा, तिच्याखालच्या चुलवाणात चिपाडं घालणारा यल्लाप्पा धगीनं चक्कर येऊन पडला. यल्लाप्पा महारवाड्यातला. त्याला पाणी द्यायचं ते वरून, ओंजळीत, असा गावाचा रिवाज. पण पडलेल्या माणसाची ओंजळ कोण धरणार? मालकांनी आपला तांब्या सरळ त्याच्या तोंडाला लावला. एवढ्यावर गावानं काणाडोळा केला असता. पण उरलेलं पाणी मालक स्वतःच पिऊन मोकळे झाले.

पंच बसले. मारुतीराव पाटील म्हणाले, "सुबराव, देवळात नारळ फोड, चुकलो म्हण, आन् सूट."

"काय चुकलं?" मालकांनी विचारलं.

"त्याचं उष्टं पाणी प्यालास की."

"तान लागलती."

"तान लागली म्हून कोन असं करतंय व्हय?"

"मग तान लागल्यावर काय करत्यात?"

पंचांना उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी आम्हाला वाळीत टाकलं.

मालक काही सुधारक नव्हते. त्यांना फक्त खोटं बोलता येत नव्हतं, आणि असल्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय ते मला विचारा. माझं म्हणाल, तर त्या संध्याकाळी मी तो तांब्या चिंच आणि राख लावून तीनदा घासला. कुणाला सांगितलं नाही.

वाळीत म्हणजे कुणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, कार्याला यायचं नाही. बोलेल त्याला नारळाचा दंड. अंजनीचं लग्न माघात ठरलेलं. व्याह्यांचा निरोप आला, की मांडवात गाव दिसलं नाही तर वऱ्हाड आल्या पावली परत जाईल. मी मालकांना म्हणाले, "अवं, म्हणा की एकदा चुकलो. तोंड झिजतंय काय?" ते "बघू" म्हणाले आणि वैरण घालायला गेले.

मला बोलल्याशिवाय जेवण पचत नाही. पाणवठ्यावर मी पोचले की बायका घागरी उचलून चालायला लागायच्या. चार दिवसांत मी चुलीशी बोलायला लागले होते.

इकडे पाटलांचा ऊस तुरे टाकून उभा. त्यांनी पलीकडच्या गावाहून दुसरा गुळव्या आणला. त्याचं पहिलं आधण करपलं आणि दुसरं बसलंच नाही. ढेपा कसल्या, पोरं त्यात बोटं बुडवून चाटत होती.

तो गुळव्या आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पाटील आमच्या अंगणात आले. मी शेणी थापत होते, मालक दावं वळत होते. पाटलांनी आम्हा दोघांकडे पाठ केली आणि म्हशीपुढे जाऊन उभे राहिले. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिचं नाव चांदी.

"काय चांदे, बरी हाईस न्हवं?" पाटील म्हणाले.

चांदी रवंथ करत होती.

"तुज्या मालकाला म्हणावं, उद्या आधण हाय. म्हशीशी बोलू नगं असं काय पंचांनी सांगिटलेलं न्हाय."

मालक उठून चांदीच्या दुसऱ्या बाजूला गेले. "चांदे, पाटलास्नी सांग, येतो. पर तुलाबी याला पायजे. न्हायतर मी बोलू कुणाशी?"

दुसऱ्या दिवसापासून चांदी गुऱ्हाळावर कामाला लागली. काहिलीपासून दहा हातांवर तिचा खुंटा. मालक फेस बघायचे आणि वेळ झाली की तिच्याकडे तोंड करून म्हणायचे, "चांदे, उतरा." की आठ गडी काहील उचलून गूळ निवायच्या वाफ्यात ओतायचे. गूळ असा बसला, की निपाणीच्या बाजारात व्यापारी ढेपांना टिचक्या मारून बघत राहिले.

वाट सापडल्यावर गाव कशाला थांबतंय? शेजारच्या अक्काताई रोज दुपारी चांदीपाशी येऊन सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागल्या. मी म्हशीमागे बसून उत्तर द्यायची, "चांदे, हिला म्हणावं, सुनेला आधी पोटभर जेवाय घाल." कुणी पोटदुखीवरचं औषध विचारायचं, कुणी पोराचं नाव काय ठेवू म्हणायचं. येताना कुणी पेंड आणायचं, कुणी सरकी. चांदी चांगली गुबगुबीत झाली, पण दूध आटलं. इतकी गाऱ्हाणी ऐकल्यावर आणखी काय होणार?

खरं सांगते, मी सुखावले होते. पण लग्न आठ दिवसांवर आलं, तेव्हा मी पाटलांसमोर चांदीला म्हणाले, "चांदे, पाटलास्नी इचार, अंजनीच्या लग्नाला येणार न्हवं?"

पाटलांनी डोकं खाजवलं. "चांदे, तुजं लगीन असतं तर नाचत आलो असतो. पर वाळीतल्या घरच्या मांडवात पाय ठेवला तर माजी पंचकी ऱ्हाईल काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचा गूळ गोड आणि मांडव तेवढा कडू.

दुसऱ्या दिवशी पाटलांचं शेवटचं, सगळ्यांत मोठं आधण. सारं गाव गरम गुळाच्या आशेनं जमलेलं. फेस वर चढायला लागला तसं मी चांदीचं दावं सोडलं आणि तिला नदीकडे हाकललं. म्हैस एकदा पाण्यात बसली की ब्रह्मदेव आला तरी उठत नाही. मी परत येऊन काहिलीपाशी उभी राहिले.

वेळ भरत आली. मालक खुंट्याकडे वळले. खुंटा रिकामा. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"चांदी कुटं हाय?" पाटलांनी खुंट्याला विचारलं.

दोन गडी नदीकडे पळाले आणि काठावरून तिला हाका मारायला लागले. काहिलीवर आठ जण हात घालून वाकलेले. फेसाचा रंग फिरला, वास बदलला. यल्लाप्पा चुलवाणापाशी बसून सगळं बघत होता आणि हसू दाबत होता. गूळ करपू नये म्हणून जाळ मात्र त्यानं कधीच ओढून ठेवला होता.

"सुबराव, बोल की रं बाबा!" पाटील शेवटी ओरडले. "उतरवू काय?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाटलांकडे बघितलं, सरळ तोंडाकडे.

"पाटील, लग्नाला येणार काय?"

"येतो. बायकापोरं घिऊन येतो. गाव घिऊन येतो."

"उतरा," मालक म्हणाले.

संध्याकाळी पंच बसले. पाटील वाळीतल्या माणसाशी बोलले, म्हणजे नियमानं त्यांना दंड. पण पाटलांना दंड बसणार हे सांगायला दिवसभर सगळेच आमच्याशी बोलून गेले होते, पंचसुद्धा. दंड भरायचा म्हटलं तर गावात तेवढे नारळ नव्हते. मग एकच नारळ फोडला, गरम गुळाशी खाल्ला आणि आम्हाला वाळीतून काढलं.

अंजनीच्या लग्नाला सारं गाव आलं. बुंदीच्या पंगतीवर पंगती उठल्या. यल्लाप्पानं सकाळपासून लाकडं फोडून दिली होती. तो मांडवाबाहेर, चांदीच्या खुंट्यापाशी पत्रावळ घेऊन बसला होता. मी वाढायला गेले.

"बरं झालं आक्का, म्हयन्या-दीड म्हयन्यात सुटलासा," तो म्हणाला.

"चांदीची पुण्याई बाबा."

त्यानं चांदीच्या पाठीवर थाप मारली. "आमी तर जलमापासनं वाळीत हाय. पर आमच्यासंगं बोलाय कुनी म्हस शोधली न्हाय."

तो हसतच म्हणाला. मला हसता येईना. तीनदा घासलेला तांब्या डोळ्यांपुढे आला आणि मला माझीच लाज वाटली.

त्यानं पाणी मागितलं. हातात तोच तांब्या होता. सवयीनं हात वर गेला, वरून ओतायला. त्यानं ओंजळही धरली होती. मी हात खाली घेतला आणि तांब्या त्याच्या ओंजळीत ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग प्याला, आणि अर्धा भरलेला तांब्या परत दिला. ते उरलेलं पाणी मी प्याले.

तांब्या खाली ठेवून मी चटकन मांडवाकडे बघितलं. सगळे बुंदीत गुंतलेले. चांदीनं तेवढं बघितलं होतं. आख्ख्या गावानं तिला एवढं सांगितलं, पण तिनं कधी कुणाला काही सांगितलं नाही. मालक सगळ्यांच्या देखत प्याले होते. मी म्हशीच्या आडून प्याले, आणि हे तोंडानं सांगायला मला इतकी वर्षं लागली.